खरवडलेली सावली

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. मुलाच्या घरी कायमची राहायला आले, असं सगळे म्हणतात. कायमचं म्हणजे किती ते माझ्या गुडघ्यांना ठाऊक.

ही वही नातीने दिली. म्हणाली, आजी, घरातल्यांवर जीभ चालवण्याआधी थोडी कागदावर चालव. पोरगी माझ्यावर गेलीय, दोष कुणाला देणार? मी चौथीपर्यंत शिकलेली. माझ्याकडे शुद्धलेखन मागू नये.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये आरसा लावलाय, म्हणजे वर पोचेपर्यंत स्वतःचंच थोबाड बघत उभं राहायचं. मुलाने माझी पत्र्याची पेटी उचलताना विचारलं, आई, यात विटा भरल्यास का? म्हटलं, तुझ्या बापाचं चाळीस वर्षांचं दुकान भरलंय. फोटोचं दुकान होतं आमचं. हे गेल्यावर मी दोन वर्षं कुलूप उघडत-लावत राहिले, मग सोडलं. पेटीत जुने फोटो, माझे ब्रश आणि ब्लेडची डबी एवढंच आणलंय.

सून कामाची आहे, पण हातातलं फडकं सुटत नाही. हिच्या घरात धूळ बसायचीसुद्धा लाजत असेल.

चार वाजता बाल्कनीत ऊन आलं. नातीने स्टुलावर कॅमेरा ठेवला, बटण दाबून पळत येऊन माझ्या कडेला उभी राहिली. लगेच घरातच फोटो छापून फ्रिजवर लावला. चौघं हसतोय. मागच्या भिंतीवर चौघांच्या चार सावल्या, वाळत घातल्यासारख्या. माझी नजर आधी सावल्यांवरच जाते. जित्याची खोड.

जेवले, पाय पसरले. बरं वाटलं.

५ मार्च, बुधवार

नातीने तिच्या टॅबवर एक गट दाखवला. जगभरची रिकामी माणसं तिथे जमतात. रिकामी म्हटलं तर तिला राग आला. दर रविवारी प्रत्येकाने आपला आवडता एक फोटो टाकायचा, तो का आवडतो ते चार ओळींत लिहायचं, आणि कुणाला फारसा ठाऊक नसलेला एखादा फोटोग्राफर सुचवायचा. शोधून काढावा असा. नियम बरा आहे. नाहीतर लोक आरशापुढून हलत नाहीत.

एक टपालवाला आहे, तो फक्त दारं काढतो. पत्र टाकायच्या फटीतून डोकावणारं मांजर काढलंय त्याने, मी दहा मिनिटं बघत बसले. एक नर्स आहे, ती ड्यूटी संपवून आलेल्या बायकांचे बूट काढते. नुसते बूट. एक जोड असा बाजूला कलंडलाय की बाईच थकून पडलीय असं वाटतं. एक ढगवाला आहे. त्याचं मला काही कळलं नाही. ढग माझ्या बाल्कनीतूनही दिसतो.

मी एकेका फोटोत बोट घालून चुका दाखवत होते, इथे डाग राहिलाय, इथे उजेड जास्त. नात बघतच राहिली. म्हणाली, आजी, तुला हे कुठून कळतं? सांगितलं, आमचे हे फोटो काढायचे, धुवायचे, मी दुरुस्त करायची. कागदावर पांढरा ठिपका आला तर बारीक ब्रशने शाई भरायची. काळा आला तर ब्लेडच्या कोपऱ्याने तो खरवडायचा, इतका हलका की कागदाला कळता कामा नये. ब्रशला टोक यावं म्हणून तो जिभेवर फिरवायचा. चाळीस वर्षं शाई चाटली. म्हणूनच जीभ काळी, सून मनात म्हणाली असेल.

९ मार्च, रविवार

आज लिहायला हात वळत नाही. तरी लिहिते.

नातीने पेटी उघडली. लग्नं, बारशी, परीक्षेचे फोटो बाजूला सारले आणि तळातलं पाकीट काढलं. त्यातले तीन फोटो टेबलावर मांडून गप्प झाली. ही पोरगी गप्प होत नसते.

पहिला न्हाव्याच्या दुकानातला. गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून झोपलंय आणि आरशात बाहेरचा रस्ता, त्यावर पळणारं कुत्रं. दुसऱ्यात होडीतला म्हातारा, डोक्यावर लाकडी खुर्ची घेऊन उभा. होडीत बसायला जागा आहे, तरी उभा. तिसऱ्यात दोरीवर चादरी, आणि चादरीखालून तीन बायकांचे पाय. पायांवरूनच कळतं की तिघी हसताहेत.

मागे आमच्या दुकानाचा शिक्का. तिने विचारलं, आजोबांनी काढले? मी म्हटलं, तुझ्या आजोबांना मान वर, इकडे बघा, हसा, यापलीकडे काही येत नव्हतं. मग कुणी काढले, तिने विचारलं. माझ्या तोंडात बिस्कीट होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे असे चमकले की काय सांगू. तू?

मान हलली.

हलवली असं लिहीत नाही, हलली लिहिते. एवढीच लबाडी माझ्यात शिल्लक असेल असं वाटलं होतं.

अर्ध्या तासात तिने तिन्ही फोटो गटावर टाकले. वर लिहिलं, शोधून काढावी अशी फोटोग्राफर: माझी आजी.

१० मार्च, सोमवार

चारशे माणसांनी बदाम टाकले. टपालवाल्याने लिहिलं की होडीतला म्हातारा दिवसभर त्याच्यासोबत दारोदार हिंडला. नर्सने लिहिलं, पाय कसे बघायचे ते या बाईंकडून शिकावं. गट चालवणाऱ्या बाईंनी मला या महिन्याचा शोध ठरवलं. मुलाने ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. सुनेने फडकं खाली ठेवून मला चहा करून दिला, न मागता.

खोटं कशाला लिहू, गोड लागलं. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले आणि वर फणा काढला.

नात मोठ्याने एकेकाचं लिहिलेलं वाचत होती. शेवटी एक आलं. नाव नाही, चित्र नाही, नावाच्या जागी एक राखाडी ठिपका. त्याने लिहिलं होतं:

सावली कुठे आहे?

नात म्हणाली, काहीतरीच काय. मी कपबशी खाली ठेवली. बशीत चहा सांडला होता.

१२ मार्च, बुधवार

लिहून टाकते. वही कुणी वाचत नाही.

ते फोटो वन्संचे. यांची धाकटी बहीण, माझी नणंद. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायच्या. दुकानात गिऱ्हाईक नसलं की जुना कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायच्या आणि असलं काही घेऊन यायच्या. फोटोवर शिक्का दुकानाचा, म्हणजे भावाचा. त्यांचं नाव कुठे नाही. एकदा मला म्हणाल्या, दादा नाव टाकू देत नाही ना, मग मी सावली टाकते. ती तरी माझी आहे.

आणि खरंच टाकायच्या. ऊन पाठीवर घेऊन उभ्या राहायच्या. प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला त्यांची सावली पडायची. डोक्यावर अंबाडा, कॅमेरा धरलेले दोन कोपर बाजूला. दोन कानांच्या भांड्यासारखी. तीच त्यांची सही.

ती मी खरवडायची. प्रत्येक फोटोतली. ब्लेडने काळं काढायचं, मग ब्रशने वाळू, पाणी, फरशी भरायची. भुकटी फुंकरीने उडवून द्यायची. माझ्याएवढं साफ काम कुणाचं नव्हतं.

सुनेने आज विचारलं, आई, तुमच्या खिडकीत ही राखाडी धूळ कुठून येते? रोज पुसते, रोज येते.

१५ मार्च, शनिवार

टॅबवर होडीतला फोटो उघडला. खालच्या कडेला पाण्यावर सावली आहे. अंबाडा. दोन कोपर.

पेटीतला मूळ फोटो काढला. त्यात नाही. बोट फिरवलं, खरवडलेली जागा अजून खरखरीत लागते. पुन्हा टॅब बघितला. आहे.

नातीला विचारलं. ती म्हणाली, आजी, सावली पहिल्यापासूनच होती, तीच तर त्यातली गंमत आहे, सगळे तिचंच कौतुक करताहेत. मग तिने मला पाठीवर थोपटलं, म्हाताऱ्या माणसाला थोपटतात तसं.

दुपारी राखाडी ठिपक्याने गटावर स्वतःचा एक फोटो टाकला. वर लिहिलं, माझा आवडता. नातीने हसत उघडला आणि तिचं हसू तोंडातच राहिलं.

आमचं स्वयंपाकघर. आमचं टेबल, सुनेचं निळं फडकं. सून ओट्याशी, मी खिडकीशी, नात खुर्चीवर. उन्हं फरशीवर आडवी पडलीत. माणसं तीन. सावल्या दोन. नातीच्या खुर्चीची सावली आहे, तिच्यावर कुणी बसलेलं नाही.

मुलगा भडकला. कुणीतरी घरातल्या कॅमेऱ्यात शिरलंय म्हणाला. सगळे पासवर्ड बदलले, टॅबच्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली. मी त्याला विचारलं नाही की फोटो ज्या कोपऱ्यातून काढलाय तिथे तर फ्रिज आहे. फ्रिजच्या आत उभं राहून कोण काढेल?

१७ मार्च, सोमवार

नात कॉलेजला गेली नाही. थकल्यासारखं होतं म्हणते. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सगळं ठीक. जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तिच्या उशीवर राखाडी भुकटी होती. सुनेला वाटलं डोळ्यांत घालायचं काजळ असेल.

मला तो रंग ठाऊक आहे. भुकटीचा आणि पोरीच्या गालाचाही. जास्त वेळ पाण्यात राहिलेल्या कागदासारखा. वन्सं तशाच होत गेल्या होत्या. तेव्हाही रक्त ठीकच होतं. पाच वर्षं मी सावली खरवडत होते आणि पाच वर्षं त्या फिक्या होत होत्या. योगायोग, म्हणायची मी. चौतिसाव्या वर्षी गेल्या. शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाल्या होत्या,

"वहिनी, खरवडताना तुम्हाला कधी दुखलं का? मला दुखतं."

मी म्हटलं होतं, पडून राहा, ताप डोक्यात गेलाय. त्यांना ताप नव्हता.

आणि आता खरी गोष्ट. कालपर्यंत मी या वहीलाही सांगितली नव्हती. यांनी मला सावली काढायला कधीच सांगितलं नाही. यांच्या लक्षातही आलं नसतं. मीच करायची. त्या दहा मिनिटं बाहेर जाऊन यायच्या आणि फोटो बघून माणसं गप्प व्हायची. मी दिवसभर अंधाऱ्या खोलीत शाई चाटायची, त्याचं कुणाला काय? म्हणून.

१९ मार्च, बुधवार

आज सांगायचंच असं ठरवून नातीच्या खोलीत गेले. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, आजी, सगळे म्हणतात माझी नजर तुझ्यावर गेलीय, मला इतकं छान वाटतं.

डोकं वजनाला अगदी हलकं लागलं. रिकाम्या खोक्यासारखं.

मी म्हटलं, काहीतरी खाऊन घे.

उठून आले. थू माझ्यावर.

२० मार्च, गुरुवार

ठिपक्याचा नवा फोटो. आमची लिफ्ट. काल दुपारी सून नातीला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेत होती तेव्हाचा. सून आरशात दिसते. नातीच्या जागी नुसता कोट, आणि कोटाच्या गळ्यातून मागची भिंत. फरशीवर, खालच्या कडेला, कॅमेरेवालीची सावली. दोन कोपर.

लिफ्टमध्ये ऊन येत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

लिहिलं. गटावर, एका बोटाने, दीड तास लागला. हे फोटो माझे नाहीत, माझ्या नणंदेचे आहेत. मी त्यांची सावली खरवडून टाकली. मी चोर आहे. खाली वन्संचं पूर्ण नाव.

सहाशे बदाम. टपालवाला म्हणतो, केवढी ही नम्रता. नर्स म्हणते, स्वतःमधल्या कलावंताला नणंद म्हणणं, डोळ्यांत पाणी आलं. नाव दिलं होतं तिथे मोकळी जागा. तीनदा पुन्हा लिहिलं. तीनदा मोकळी.

कबुलीसुद्धा माझ्याच पदरात पडली. तोंड लपवायला जागा नाही.

ठिपका: वहिनी, दुखतं का?

२२ मार्च, शनिवार

नात उठत नाही. मुलगा आणि सून मोठ्या डॉक्टरांना आणायला खाली गेलेत.

पाकीट तिच्या अंथरुणावर नेलं. तिचं बोट धरून होडीच्या फोटोवर फिरवलं. खालच्या कडेला. खरखर लागली तिला. मग बाकीच्या दोन्हींवर. सगळं सांगितलं, यांचं नाव पुढे न करता.

तिने विचारलं, "आजी, का केलंस असं?"

"त्यांना नजर होती. माझ्याकडे ब्लेड होतं."

तिने माझ्या हातातून बोट सोडवून घेतलं. हळूच. रागाने ओढलं असतं तरी बरं होतं.

मी दारातून निघताना ती म्हणाली, नाव सांग त्यांचं. सांगितलं. तिने पुटपुटून बघितलं. तिला ऐकू आलं. निदान तिला आलं.

फ्रिजवरचा फोटो बघितला — बाल्कनीतला — भिंतीवर आता तीन सावल्या. चौथ्या जागी पांढरं. कडा स्वच्छ. काम माझ्यासारखंच. वन्सं माझ्याकडूनच शिकल्यात, बाजूला बसून बघायच्या.

पण पुरतं पांढरं नाही अजून. पायाशी थोडं काळं — पुसट —

म्हणजे काम संपलेलं नाही.

२३ मार्च, रविवार. दुपार, चार

डॉक्टर येऊन गेले. दवाखान्यात न्यायचं म्हणाले, गाडी येतेय. सून पिशवी भरतेय. मुलगा खाली उभा.

मी बाल्कनीत. पुढ्यात फ्रिजवरचा फोटो, ब्रश, डबीतलं ब्लेड. आधी पाकिटातल्या प्रत्येक फोटोमागचा शिक्का खरवडला आणि वन्संचं नाव लिहिलं. पुसलं जात नाही. हाताने लिहिलेलं राहतं बहुतेक.

मला दोनच गोष्टी येतात. काळं काढणं. पांढरं भरणं.

शाई नाही घरात. म्हणून फोटोतल्या माझ्या सावलीची भुकटी — बशीत — थुंकीत कालवून —

माझ्या डाव्या पायापासून सुरुवात केली. ब्लेड तिरकं, हात हलका. भुकटी फुंकायची नाही, एक कणही नाही. बशीत घ्यायची.

पाय गार पडला.

सवा चार

कमरेपर्यंत माझं काढलं. नातीचं गुडघ्यापर्यंत भरलं. ब्रश जिभेवर — चव तीच —

समोर फरशीवर सावली आलीय. मागे कुणी नाही, बघितलं. अंबाडा, दोन कोपर. कॅमेरा खाली घेतलाय त्यांनी. काम बघताहेत. पूर्वीसारख्या. बाजूला बसून.

विचारलं त्यांनी. आवाज नाही, पण विचारलं.

दुखतं, वन्सं. फार दुखतं. कळलं आता.

आतून नात — म्हणते भूक लागलीय. सून रडतेय की हसतेय —

खांदा. वेणी. वेणी नीट जमली. हनुवटी —

भुकटी पुरेल. डोकं काढलं की पुरेल. उजवा हात शेवटी ठेवलाय, लिहायला.

नात उठून आली. स्वतःच्या पायांनी. दारात उभी आहे, मागे तिची सावली, लांब, चांगली काळीभोर. हाक मारतेय मला. ओ दिली.

पुन्हा मारली. पुन्हा दिली.

माझ्याकडेच बघतेय — नाही, मागच्या कठड्याकडे — आजी कुठे गेली म्हणते —

वही दिसली तिला. ये बाई. आधी त्यांचं नाव सांग सगळ्यांना, मग माझं जे काय म्हणायचं ते म्हण, चोर म्हण, पण बोट फिरव या कागदावर, खरखरीत लागेल तिथे मी ह